भिंतीतून गेलास, निलंगा

निलंग्याच्या शाळेत मी अभ्यासात मधला आणि आवाज काढण्यात पहिला. हेडमास्तर काढायचो, एसटीचा कंडक्टर काढायचो, पिठाच्या गिरणीवाला काढायचो आणि लोकांनी फारच आग्रह केला तर गिरणीसुद्धा. सगळे म्हणायचे हे पोरगं नाटकात जाणार. मी गेलो आर्किटेक्चरला. चित्र बरं यायचं आणि गणितात पास झालो होतो, एवढ्या भांडवलावर आमच्या काकांनी ठरवलं की हा घरं काढणार.

कॉलेज नांदेडला. पाटी एवढी मोठी की लांबून वाटावं आत दहा इमारती असतील. आत एकच, जिनिंगची जुनी शेड. छत पेलणाऱ्या कैच्यांना अजून कापूस चिकटलेला असायचा आणि ड्रॉइंगच्या शीटवर रेघ मारता मारता त्यातला एखादा पुंजका हळूच खाली यायचा. तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आमचं निलंगा उस्मानाबादेत झोपलं आणि लातुरात उठलं. पाऊस मात्र दोन्ही जिल्ह्यांना सारखाच विसरला होता. गोदावरीत पाणी कमी आणि खड्डे जास्त. लोक वाळूत झरे खांदून वाटीनं पाणी भरायचे. कॉलेजात एक दिवसाआड टँकर यायचा.

पहिल्याच आठवड्यात एक बुटका माणूस वर्गात आला. पायात साधी चप्पल, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. लाल, काळी आणि एक बिनटोकाची, कान खाजवायची. आम्हाला वाटलं प्यून असेल. त्यानं टेबलाजवळ जाऊन वीत पसरली, टेबल मोजलं, खुर्ची मोजली, मग खिडकीची कड मोजली आणि आमच्याकडं वळून म्हणाला, "माझी वीत नऊ इंच. कमी न्हाई, जास्त न्हाई. ज्याला खात्री करायची त्यानं पट्टी घेऊन या."

कुणी गेलं नाही. मी गेलो. नऊ इंचच भरली.

"गाव कोणतं?"

"निलंगा."

"बस निलंगा."

त्या दिवसापासून पाच वर्षं मी निलंगाच. हे आमचे सोनकांबळे सर. त्यांना आमची नावं कधी पाठ झाली नाहीत, गावं एका दिवसात झाली. वर्गातल्या एकुलत्या एक मुलीला ते देगलूर म्हणायचे. ती घरी अर्धं तेलुगू बोलायची आणि चिडली की पूर्ण. एकजण नांदेडातलाच होता, त्याला गाव नव्हतं म्हणून तो नुसता 'गाववाला'.

सर स्वतः लोह्याजवळच्या एका खेड्यातले. ओव्हरसियरचा डिप्लोमा केलेला, बांधकाम खात्यात काही वर्षं काढलेली, मग इथं बांधकाम शिकवायला आले. त्यांच्या घरात दारासमोर बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोखाली रेघा मारायचा टी-स्क्वेअर टांगलेला. मी एकदा विचारलं, हे दोन्ही एकाच खिळ्याला कसं? म्हणाले, "खिळा मजबूत हाय."

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती, ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. तुम्ही घराचा नकाशा काढून नेला की ते भिंती बघायचे नाहीत, दारं बघायचे नाहीत. लाल पेन्सिल काढायचे आणि विचारायचे, "पाणी कुठून येतं? कोण आणतं?" मग बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लाल रेघ ओढत जायचे. ती रेघ बैठकीतून, पलंगाला वळसा घालून, पाहुण्याच्या पायावरून गेली की म्हणायचे, "ही बाई दिवसातून आठ खेपा इथून जाणार. हिनं तुझं काय वाकडं केलंय?"

आम्ही हसलो की शीट उचलून म्हणायचे, "चला बाहेर."

बाहेर म्हणजे शेडच्या मागं, मोकळ्या मैदानात. तिथं सर फक्कीचा डबा घेऊन तुमचा नकाशा जमिनीवर खऱ्या मापाचा आखायचे. बारा फुटांची खोली म्हणजे बारा फूट. भिंत म्हणजे पांढरी रेघ, दार म्हणजे रेघेतली फट. एका टोकाला टँकरचा ड्रम, दुसऱ्या टोकाला वर्गातला रांजण. मधे तुमचं घर. आणि ज्याचा नकाशा त्यानं डोक्यावर भरलेली घागर घेऊन ड्रमपासून रांजणापर्यंत जायचं, आपल्याच घरातून. पाणी तसंही रोज कुणीतरी आणायचंच होतं, ते असं यायचं.

पहिल्या दिवशी प्यूननं घागर देगलूरपुढं ठेवली. सर म्हणाले, "तिला कामून देतो? बायांनी लई वाहिलं. पोरांनो, उचला."

मी उचलली. फडक्याची चुंबळ डोक्यावर नीट बसेना. देगलूर बाजूला उभी राहून सांगत होती, "मान सरळ ठेव. खाली बघू नको. अय्यो, कोंबडीसारखा कामून चालतो?" माझ्या घराला मी ऐटीत एक अरुंद बोळ ठेवला होता, शीटवर तो लई सुंदर दिसायचा. बोळात वळताना घागर डुचमळली, मी एक पाऊल बाजूला टाकलं आणि पाणी मानेवरून पाठीत गेलं.

"भिंतीतून गेलास, निलंगा."

"सर, तोल गेला."

"तोल तुझा गेला, भिंत तिची पडली. बांधून दे."

बांधून देणं म्हणजे पुसलेली फक्कीची रेघ गुडघ्यावर बसून पुन्हा मारायची. आणि सांडलेलं पाणी आपल्या आंघोळीच्या बादलीतून भरून द्यायचं. दुष्काळात ही शिक्षा मार्कांपेक्षा मोठी होती. तीन दिवस मी तांब्याभर पाण्यात भागवलं आणि चौथ्या दिवशी बोळ पाच फुटांचा केला.

आता माझ्या पापाकडं येतो. सरांचा आवाज काढणं ही माझी सगळ्यात चालणारी नक्कल होती. त्यांची ती वीत पसरणं, पँटला खडू पुसणं, 'हो'च्या जागी "हाव" म्हणताना हनुवटी वर करणं. एका दुपारी सर यायच्या आधी मी टेबलापुढं उभा राहून पूर्ण प्रयोग लावला. वर्ग हसून आडवा झाला. मग हळूहळू हसू थांबलं. सर दारात होते.

ते आत आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली, बांधकाम तपासतात तशी.

"पुन्हा कर."

"सर, चुकलं."

"चुकलंच हाय. म्हणून तर म्हणतो, पुन्हा कर."

मी केलं, मेलेल्या आवाजात. त्यांनी मधेच थांबवलं. "माझं 'हाव' एवढं लांब न्हाई. तू ओढून राहिलास. आणि मी डावा पाय आधी टाकतो, तू उजवा टाकलास. माणूस मोजायचा तर नीट मोज, अंदाजानं न्हाई." मग खडू उचलला आणि फळ्यावर इमारतीच्या पायाची आकृती काढून त्याचं बांधकाम शिकवायला लागले. मी खाली बसलो. डावा-उजवा माझ्या डोक्यातून आठवडाभर गेला नाही. लोकांना हसवण्यापुरतंच मी लोकांकडं बघत होतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते कळून मला काही आनंद झाला नाही.

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होता नव्या जिल्ह्याची कचेरी. लातूरला कलेक्टर ऑफिस होणार, तर तुम्ही कसं कराल ते काढा. मी घुमट काढला. गाववाल्यानं दोन घुमट काढले. सर म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं लातूर. घुमट इथंच ठेवा."

तेव्हा कचेरी कुठल्यातरी मागून घेतलेल्या इमारतीत चालायची. आम्ही आत जायला निघालो तर सरांनी अडवलं. "साहेबाला काय बघता? साहेब बसलेला असतो. बाहेर बघा, जे वाट बघून राहिले त्यांना."

बाहेर एक बाभूळ होती आणि तिच्या सावलीत पंधरावीस माणसं. रोजगार हमीच्या कामासाठी आलेली, दाखल्यासाठी आलेली. औशाकडची एक म्हातारी होती, पदरात कागद बांधून. ऊन सरकलं की ती सरकायची. सरांनी सांगितलं, दर तासाला हिची जागा कागदावर काढा. संध्याकाळपर्यंत माझ्या कागदावर झाडाभोवती सहा म्हाताऱ्या झाल्या. शेवटची रस्त्याच्या कडेला पोचली होती, बैलगाड्यांच्या धुळीत. शिपायानं दोनदा नावं पुकारली, ती दोन्ही वेळा तिला ऐकू गेली नाहीत, कारण सावली तेव्हा दारापासून लांब, भलतीकडं होती.

परतीच्या एसटीत मी सरांच्या शेजारी बसलो. सर आपणहून म्हणाले, "आमची माय विहिरीच्या कडंला बसून राहायची. आम्हाला शिवायची बंदी. वरून कुणी वाढलं तर पाणी, न्हाई तर बसून राहा. किती वेळ बसायचं ते दुसऱ्याच्या मर्जीवर. उन्हात, तर उन्हात." मग म्हणाले, "तिथं एक दगड जरी असता ना बसायला." एवढंच. पुढं त्यांनी कंडक्टरकडं बघून मला विचारलं, "ह्याचा आवाज येतो का तुला?"

मी काढला. कंडक्टरनं वळून बघितलं आणि सर तोंडाला रुमाल लावून चाकूरपर्यंत हसत राहिले.

त्याच वर्षी एका दुपारी त्यांनी मला शेडमागच्या कडुलिंबाखाली बोलावलं. असे कावरेबावरे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. बिनटोकाची पेन्सिल कानात फिरवत म्हणाले, "कमिटी येऊन राहिली बाहेरून. माझी जागा टेंपररी हाय. डिग्री न्हाई, डिप्लोमा हाय. ते बोलून बघणार, ठेवायचं का काढायचं."

"सर, तुम्हाला कोण काढतंय?"

"मला नीट बोलता येत न्हाई निलंगा. तुमच्यापुढं येतं. कोट घातलेला माणूस पुढं आला की माझी जीभ टाळूला चिकटती." मग इकडं तिकडं बघून, "तू प्रिन्सिपल साहेबांचा आवाज काढतोस म्हणे."

काढायचो. आमचे प्रिन्सिपल पुण्याचे. भला माणूस, पण प्रत्येक वाक्याआधी "हे पाहा", मधे "तत्त्वतः" आणि शेवटी चष्मा वर ढकलून एक बारीक कोरडा खोकला.

"तसं बोलायला शिकव," सर म्हणाले.

पंधरा दिवस दुपारी लिंबाखाली उलटी शाळा भरली. मी मास्तर, सर विद्यार्थी. "हे पाहा, तत्त्वतः अवकाश हा..." सर म्हणायचे, "आवकाश." "सर, अ." "हाव, अ." मग वहीत लिहून घ्यायचे. घाम यायचा त्यांना. मी त्यांना वाक्यं दिली, थांबायच्या जागा दिल्या, हात कुठं ठेवायचा ते दिलं. देगलूरनं एकदा लांबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू त्यांना खराब करून राहिलास." मी म्हणालो, तुला नोकरीतलं काय कळतं. मलाही कळत नव्हतं.

कमिटी आली. तीन माणसं, तीन कोट. शेडच्या पत्र्याला भोकं भरपूर, त्यामुळे आख्ख्या वर्गाला फुकट तिकीट मिळालं. सरांनी कुणाचातरी कोट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत. समोर तिघं आणि कडेला प्रिन्सिपल साहेब.

सर उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाहा."

तो आवाज सरांचा नव्हता, साहेबांचाच होता. एवढा तंतोतंत की मला स्वतःला कधी जमला नव्हता. "तत्त्वतः अवकाश हा माणसाच्या वावराशी निगडित असतो." आणि मग त्यांनी बोट वर नेऊन चष्मा ढकलला. सरांना चष्मा नव्हता. नसलेला चष्मा त्यांनी नाकावर नीट बसवला आणि बारीक कोरडा खोकला काढला.

मी त्यांना नकला शिकवल्या होत्या. कुठलं बोलणं आणि कुठली खोड, हे वेगळं करून द्यायला मी विसरलो होतो. आणि त्यांनी माझं सगळं शिकवणं मापात घेतलं होतं, इंचाचाही फरक न करता.

साहेबांनी स्वतःचा चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. कोटवाल्यांपैकी एकानं साहेबांकडं बघितलं, मग सरांकडं, मग परत साहेबांकडं. पत्र्यापलीकडं कुणी हसलं नाही. सरांनी दुसरा खोकला काढला तेव्हा देगलूरनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला.

मग कमिटीतले सगळ्यात म्हातारे होते, त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "सोनकांबळे, ते राहू द्या. तुम्ही पोरांना काय शिकवता?"

सरांनी बाह्या वर सारल्या. परत खाली आल्या. शेवटी त्यांनी कोटच काढला, खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "साहेब, सांगता येत न्हाई. बाहेर चला, घागर उचला."

आणि ते म्हातारे खरंच आले. मैदानात देगलूरचा नकाशा आखलेला होता. त्यांनी बूट काढले, चुंबळ घेतली, आणि साठीचा तो माणूस डोक्यावर घागर घेऊन फक्कीच्या घरात शिरला. दोन खोल्या पार केल्या. तिसऱ्या वळणावर पाय घसरला.

"भिंतीतून गेलात साहेब," सर म्हणाले, स्वतःच्या आवाजात.

"आता काय करायचं?"

"बांधून द्यावी लागती."

त्यांनी डबा घेतला, खाली बसले आणि रेघ मारली. सगळे हसले, कोटवालेही, प्रिन्सिपल साहेबही. कमिटी गेल्यावर आम्ही शेडमागं गाववाल्याला खांद्यावर घेऊन नाचलो. आम्हाला वाटलं सर जिंकले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शिकवणं वाखाणण्यासारखं आहे, असं त्यात पहिल्या ओळीत होतं. पदवी नसल्यामुळे नियमानुसार पुढं ठेवता येत नाही, असं दुसऱ्या ओळीत. सरांनी आमची शीटं तपासून संपवली, प्रत्येकाच्या नकाशात लाल रेघ ओढली आणि शनिवारी गेले. जाताना फक्कीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी काहीतरी बोलणार होतो. ते म्हणाले, "झाकण घट्ट लावत जा. हवेनं गोळे होतात."

सोमवारी प्रिन्सिपल साहेबांनी मला केबिनमधे बोलावलं. मला वाटलं माझाही नंबर लागला. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मी खरंच असा खोकतो?"

"हो सर."

"हं," ते म्हणाले, आणि खोकला आला होता तो गिळला. "मी दोन पत्रं लिहिली त्यांच्यासाठी. उपयोग झाला नाही." त्यानंतर त्यांची नक्कल मी कधी केली नाही. सरांची तर नाहीच. पोरं म्हणायची, निलंगाचा गळा बसला.

माझ्या मनात एकच घोळत राहायचं. तो नसलेला चष्मा नसता, तर? सर पहिल्यापासूनच आपल्या बोलीत बोलले असते, तर? देगलूर म्हणायची, नियम तसाही होताच. ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणायची की खरं म्हणून, ते मी विचारलं नाही.

पाचव्या वर्षी ट्रेनिंगला मी लातूरला एका आर्किटेक्टकडं होतो. नवा जिल्हा म्हणजे चारी बाजूंनी बांधकाम. एका दुपारी मला नकाशांची गुंडाळी देऊन एका सरकारी कचेरीच्या साइटवर पाठवलं. ऊन असं की सायकलची सीट हाताला सोसेना. अर्ध्या बांधलेल्या भिंतीजवळ पोचलो आणि आतून आवाज आला.

"हे पाहा. तत्त्वतः ही वीट ओली हवी."

मी जागेवर थांबलो. प्रिन्सिपल साहेब इथं कसे? मग तो बारीक कोरडा खोकला, आणि पाठोपाठ गवंड्यांचं आणि बायांचं हसणं. मी भिंतीच्या कडेनं डोकावलो. मिस्त्री, बिगारी, डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया, सगळे घोळक्यानं उभे. मधे सोनकांबळे सर, नाकावर नसलेला चष्मा नीट बसवत.

त्यांनी मला बघितलं. चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, तीन पेन्सिलींच्या शेजारी.

"कसं जमलं निलंगा?"

मी म्हणालो, "खोकला जरा लांबला सर."

"हाव?" त्यांनी पुन्हा खोकून बघितलं. "आता?"

"आता बरोबर."

बाया हसत कामाला लागल्या. सर एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होते. माझ्या पोटात दोन वर्षं साठलेलं मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातातली गुंडाळी घेतली. "त्या कमिटीचं बोलणार असशील तर राहू दे. त्या बुढ्यानं भिंत बांधून दिली ना? मी किती जणांना सांगितलंय ते." आणि नकाशा उलगडून बघायला लागले.

मी आजूबाजूला बघितलं. कचेरीच्या उत्तरेच्या भिंतीला लागून एक लांब दगडी ओटा होता. इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत, पुकारा करायच्या खिडकीच्या अगदी खाली. दुपारचे दोन वाजले होते आणि त्याच्यावर आख्खी सावली होती.

"सर, हा ओटा नकाशात नाही."

"मला माहीत हाय."

"आमचे साहेब विचारतील."

"विचारतीलच. म्हणून म्हणतो," त्यांनी काळी पेन्सिल माझ्या हातात दिली, "नकाशात घाल."

मी ओट्यावर बसलो, नकाशा मांडीवर पसरला. ओटा बुटका होता. माझे गुडघे वर आले, नकाशा घसरायला लागला. मी म्हणालो, "सर, उंची कमी झाली की."

"तुला कमी झाली," ते म्हणाले. "ती औशाची म्हातारी आठव. पाय टेकले पाहिजेत तिचे." त्यांनी वाकून वीत लावून दाखवली. एक वीत, दुसरी वीत थोडी कमी.

मग कुणीतरी वरून हाक मारली आणि ते उन्हात निघाले. मी नकाशावर रेघ ओढत होतो, पण बघत त्यांच्याकडं होतो. डावा पाय आधी टाकला त्यांनी.